हात मागे घेतला तर?

“ताई, पण तो हात मागे घेणार नाही का?”

विचारणारी मुलगी पंधरा वर्षांची. वर्गात नवीन, पट्ट्याची गाठही अजून नीट बसत नव्हती. मी चाकूहल्ल्याविरुद्धचा एक डाव दाखवत होते. समोरचा पोटाच्या रोखाने रबरी चाकू पुढे आणतो; आपण डाव्या हाताने तो बाजूला सारायचा, मनगट धरायचं, पाय मागे घेत वळायचं आणि मनगट पिळायचं. चाकू मॅटवर पडतो, पाठोपाठ माणूसही. बारा वर्षं मी हा डाव केला होता आणि त्यातली चार वर्षं तो शिकवतही होते. दिसायला देखणा डाव. प्रात्यक्षिकात हमखास टाळ्या घेणारा.

तिने प्रश्न विचारला तेव्हा माझा जोडीदार पुढे केलेला हात तसाच धरून उभा होता. पकड कुठे घ्यायची, अंगठा कुठे ठेवायचा, हे मी समजावत होते आणि तेवढा वेळ तो हात खुंटीसारखा हवेत होता. तिने जे दिसलं ते विचारलं.

मी म्हटलं, “तू पुरेशी चपळ असलीस तर त्याला तेवढा वेळच मिळणार नाही.”

तिने मान डोलावली. शिकवणाऱ्याने ठामपणे काही सांगितलं की शिकणारा मान डोलावतो. पुढच्या अर्ध्या तासात तिने तो डाव वीसेक वेळा केला, आणि जायच्या वेळेपर्यंत तो तिला छान जमायला लागला होता. मी तिची पाठही थोपटली.

माझं उत्तर खोटं होतं. मुद्दाम दिलेलं नव्हतं, पण खोटं होतं. माणूस चाकू खुपसतो तेव्हा हात मागे घेतोच, कारण त्याला पुन्हा खुपसायचा असतो. तोच हात, त्याच वाटेने, शिवणयंत्राच्या सुईसारखा पुढे-मागे, पुढे-मागे. पंधरा वर्षांच्या मुलीला जे पहिल्याच दिवशी दिसलं ते मला बारा वर्षांत दिसलं नव्हतं. दिसलं नव्हतं असंही नाही. मी तो प्रश्न स्वतःला कधी विचारला नव्हता, आणि ज्यांच्याकडून शिकले त्यांनाही विचारला नव्हता.

त्याचं कारण मला आता कळतं. सरावाच्या जागी एक करार असतो. हल्ला करणारा ठरलेल्या अंतरावरून येतो, ठरलेल्या हाताने ठरलेला एकच वार करतो आणि नंतर आपलं काम होईपर्यंत थांबतो. हा करार लागतोच. त्याच्याशिवाय पहिली हालचालसुद्धा शिकता येणार नाही. पोहायला शिकताना आधी कडेचा दांडा धरून पाय मारतात, तसंच हे. पण दांडा सोडायचा दिवस कधी आलाच नाही, आणि दांडा धरूनच आपण एकमेकांना पट्टीचे पोहणारे म्हणू लागलो, तर पाण्याला त्याची कल्पना नसते.

माझा दांडा सुटला तो सहा-सात महिन्यांनी, दुसऱ्या एका प्रशिक्षकाच्या शिबिरात. त्यांनी मला पांढरा टी-शर्ट घालायला दिला, डोळ्यांना गॉगल लावायला सांगितला आणि एका तरुणाच्या हातात लाल मार्कर दिला. तो मॅट उचलायला मदत म्हणून आला होता. कुठलीही युद्धकला त्याने कधी शिकलेली नव्हती. त्याला एवढंच सांगितलं, “यांना मार्कर लावायचा. कसाही, जमेल तितक्या वेळा.” आणि मला सांगितलं, “तुम्हाला जे येतं ते करा.”

शिट्टी वाजली. तो हळूच चालत जवळ आला, जणू काही विचारायला येतोय, आणि त्याने डाव्या हाताने माझी कॉलर धरली.

बारा वर्षांत चाकूच्या सरावात माझी कॉलर कुणी धरली नव्हती. आमच्याकडे चाकू नसलेला हात कमरेशी नुसता लोंबत असे, त्याला काही कामच नसे. या मुलाला कुणी शिकवलं नव्हतं म्हणूनच त्याने तो हात वापरला. एका हाताने ओढलं आणि दुसऱ्याने मारलं. मी एकदा त्याचं मनगट पकडलं, पण घामाने ओलं मनगट साबणाच्या वडीसारखं सुटलं. चार-पाच सेकंदांत पुन्हा शिट्टी झाली. पोटावर डाव्या बाजूला चार खुणा होत्या, काखेखाली दोन, गळ्याच्या बाजूला एक. सातपैकी मला दोनच जाणवल्या होत्या. बाकीच्या कधी झाल्या, मला पत्ता नव्हता.

त्या मुलाचा चेहरा उतरला होता. “लागलं का हो?” असं त्याने दोनदा विचारलं. मी नाही म्हटलं आणि पाणी प्यायला बाहेर गेले. बाहेर उभी असताना ती पंधरा वर्षांची मुलगी आठवली, तिची डोललेली मान आठवली, आणि तळहाताला घाम फुटला.

चाकूच्या हल्ल्यातून वाचलेली माणसं पुष्कळदा एकच गोष्ट सांगतात: बुक्के बसतायत असं वाटलं, कपडा ओला लागला तेव्हा कळलं. पूर्वी मला ही अतिशयोक्ती वाटायची. त्या दिवसानंतर नाही.

मग मी वाचायला लागले. जुन्यापासून सुरुवात केली, आणि पहिला धक्का तिथेच बसला. इटलीत फिओरे दे लिबेरी नावाचा एक शस्त्रगुरू होऊन गेला. त्याची सचित्र हस्तलिखितं 1409 च्या आसपासची आहेत. त्यात तलवार आहे, भाला आहे, कुस्ती आहे, आणि खंजिराविरुद्धच्या डावांचा मोठा विभाग आहे. त्या विभागातल्या एका प्रकरणाची सुरुवातच अशी: समोरच्याने एका हाताने तुमची कॉलर धरली आहे आणि दुसऱ्या हातात खंजीर आहे. सहाशे वर्षांपूर्वीच्या त्या चित्रात मला तो मॅट उचलणारा मुलगा दिसला. ज्या काळात माणसं कमरेला खंजीर लावून रस्त्यावर फिरत, त्या काळच्या गुरूला चाकू नसलेल्या हाताचं काम पक्कं ठाऊक होतं. आणि त्याची चित्रं पाहिली की जाणवतं, ही मुळात कुस्ती आहे. खंजिराचा हात धरायचा, कोपर अडकवायचं, अंगाला अंग भिडवायचं, तोल घालवायचा.

मग हे हरवलं कुठे? माझं आपलं एक मत आहे. शस्त्र रोजच्या जगण्यातून गेलं की त्याची विद्या प्रदर्शनात जाते. ज्युदोचं उदाहरण घ्या. कोडोकान संस्थेने 1956 मध्ये स्वसंरक्षणाचा एक काता, म्हणजे ठरलेल्या हालचालींचा ठरलेला क्रम, निश्चित केला: गोशिन जुत्सू. एकवीस तंत्रं: बारा निःशस्त्र हल्ल्याविरुद्ध, बाकीची नऊ खंजीर, काठी आणि पिस्तूल यांच्याविरुद्ध, प्रत्येकी तीन. मी तो काता प्रेमाने पाहते. त्यात तोल कसा घ्यायचा, अंतर कसं राखायचं, रेषेतून बाहेर कसं पडायचं हे सगळं कोरून ठेवलं आहे. पण काता हे व्याकरण आहे. व्याकरण पाठ झालं म्हणजे भांडता येत नाही. ज्यांनी तो रचला ते त्याबरोबर खुली लढत, रांदोरी, रोज करत होते. पुढे कित्येक जागी रांदोरी गळून गेली आणि व्याकरण तेवढं शिल्लक राहिलं, आणि आम्ही तेच ‘स्वसंरक्षण’ म्हणून शिकवत बसलो.

दुसरी गोष्ट ताकदीची. माझ्या मनात कुठेतरी पक्कं बसलं होतं की माणसाच्या अंगात चाकू घालायला जोर लागत असणार, आणि जोर काढायचा तर हात मागून, लांबून यायला हवा. म्हणजे मला तो दिसेल, म्हणजे मला अडवता येईल. बर्नार्ड नाइट या ब्रिटिश न्यायवैद्यक तज्ज्ञाने 1975 मध्ये भोसकल्याच्या जखमांवरचे आपले प्रयोग प्रसिद्ध केले. निष्कर्ष साधा आणि अंगावर काटा आणणारा आहे. सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे टोकाची धार. अडथळा असतो तो मुख्यतः कातडीचा. टोक एकदा कातडीतून गेलं की पुढच्या पात्याला आत जायला जवळपास वेगळा जोर लागतच नाही, वाटेत हाड आलं तरच. पोटासारख्या मऊ जागी तर पात्याच्या लांबीपेक्षा जखम खोल असू शकते, कारण दाबाने पोट आत जातं. म्हणजे दहा-बारा सेंटीमीटर हलणारा, कमरेजवळून येणारा, अजिबात न दिसणारा हातसुद्धा पुरतो. तो वार बलवान माणसाने करायला हवा असंही काही नाही.

तिसरी गोष्ट अंतराची. डेनिस ट्युलर हा अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीच्या पोलीस दलातला सार्जंट आणि प्रशिक्षक. कमरेची पिस्तूल काढून दोन नेमक्या गोळ्या झाडायला पोलिसाला साधारण दीड सेकंद लागतो. तेवढ्या वेळात चाकूवाला किती अंतर तोडेल, हे त्याने माणसं पळवून मोजलं. उत्तर आलं एकवीस फूट, म्हणजे जवळजवळ साडेसहा मीटर. 1983 मध्ये त्याने ते लिहिलं. पुढे लोकांनी त्याचा ‘नियम’ करून टाकला आणि नको तिथे वापरला. त्याने स्वतः तो सरावाचा एक प्रयोग म्हणून मांडला होता. मला त्यातून घ्यायचं ते एवढंच: कमरेला पिस्तूल असलेल्या प्रशिक्षित माणसाला एकवीस फूट अपुरे पडतात, आणि आम्ही एका हाताच्या अंतरावर उभं राहून मनगट पिळायला शिकवत होतो.

त्या शिबिरानंतर दोन महिने मी चाकूचे डाव शिकवणं बंद ठेवलं. वर्गात कारण सांगितलं नाही. सांगायला हवं होतं.

पुन्हा सुरू केलं ते मार्करने, गॉगलने आणि जुन्या पांढऱ्या कपड्यांनी. आणि कुस्तीने. आता मी जे शिकवते ते बघायला अजिबात देखणं नाही. एका हाताविरुद्ध दोन हात, हे त्याचं सूत्र. चाकूचा हात आपल्या दोन्ही हातांनी, कोपराच्या वर-खाली कवटाळायचा आणि छातीशी असा दाबायचा की तो मागे घेताच येऊ नये. मनगट निसटतं, कोपर तितकं सहज निसटत नाही. डोकं त्याच्या खांद्याला चिकटवायचं, म्हणजे दुसऱ्या हाताचे बुक्के तोंडावर कमी बसतील. बसतीलच, पण कमी बसतील. मग ढकलायचं, भिंतीकडे, टेबलाकडे, कशाकडेही. तोल गेला, पकड ढिली झाली, की पळायचं. चाकू काढून घेण्याच्या मागे लागायचं नाही. धडपडीत तो गळून पडला तर उत्तम, पण त्यासाठी थांबायचं नाही.

सुरुवातीला चाकूवाला फक्त हात मागे ओढतो, बाकी काही करत नाही. पुढच्या आठवड्यात त्याला दुसरा हात मिळतो. मग त्याला चालता येतं, ढकलता येतं, शिव्या देता येतात. शिव्यांची गरज मला आधी पटत नव्हती. नंतर लक्षात आलं की अंगावर ओरडणारा माणूस असला की माझ्या उत्तम विद्यार्थ्यांचेही पाय मॅटला चिकटतात, श्वास अडतो, नजर चाकूच्या टोकावर खिळते आणि दार कुठे होतं ते विसरायला होतं. ही गोष्ट व्याख्यानाने जात नाही. ती थोड्या-थोड्या मात्रेने, सुरक्षित जागी, पुन्हा पुन्हा भोगावी लागते.

आणि डाव कमी ठेवायचे. मी पूर्वी चाकूच्या अकरा वारांना अकरा वेगळी उत्तरं शिकवायची. 1952 मध्ये विल्यम हिक या मानसशास्त्रज्ञाने दाखवून दिलं की पर्याय वाढले की प्रतिक्रियेला लागणारा वेळ वाढतो. आधीच पाव सेकंद नुसता दिसण्यात आणि हलण्यात जातो. त्यात अकरातून एक निवडायचा? आता एकच उत्तर आहे, आणि ते वेडंवाकडं असलं तरी चालतं.

यात यश म्हणजे काय, हे सांगताना मला अजून जड जातं. आठ महिने नेटाने सराव केलेल्या माझ्या विद्यार्थिनीच्या अंगावर फेरी संपल्यावर तीन खुणा असतात. सुरुवातीला आठ असायच्या. आणि त्या तीन आता पोटावर नसतात, हाताच्या बाहेरच्या बाजूला असतात. आम्ही मुद्दाम तसं शिकवतो: हात वर घ्यायचे ते मनगटाची आतली बाजू स्वतःकडे वळवून, कारण मोठ्या रक्तवाहिन्या आणि बोटं मिटणारे स्नायुबंध त्या आतल्या बाजूला असतात. शवविच्छेदन करणारे डॉक्टर तळहातावरच्या आणि हातावरच्या अशा जखमांना बचावाच्या जखमा म्हणतात. हात कापला जाणार हे धरूनच चालायचं. वर्गात हे पहिल्यांदा बोलले तेव्हा दोघांनी येणं बंद केलं. त्यांना दोष देता येत नाही. स्वसंरक्षण शिकायला येणारा माणूस ‘मला काही होणार नाही’ हे ऐकायला आलेला असतो, आणि ते सोडून बाकी सगळं मी त्याला देऊ शकते.

या सगळ्याआधीचा जो भाग आहे तो सांगायला सोपा आणि करायला सगळ्यात उपयोगी. समोरच्याचे हात कुठे आहेत ते पाहा. एक हात मांडीमागे, पाठीमागे, खिशात, घडी केलेल्या कपड्याखाली आहे का? तो बोलतोय तुमच्याशी आणि बघतोय दुसरीकडेच का? प्रश्न विचारत विचारत जवळ सरकतोय का? कॅमेऱ्यात सापडलेले असे हल्ले पाहिले तर कितीतरी वेळा चाकू शेवटच्या क्षणापर्यंत दिसत नाही. दिसते ती ही सगळी अवघडलेली हालचाल. पैसे, फोन, दागिना मागितला तर देऊन टाका. त्याच्या हातात ठेवू नका, बाजूला टाका आणि उलट दिशेने निघा. मध्ये काहीतरी आणा: टेबल, गाडी, खुर्ची, पोटाशी धरलेली पाठपिशवी. आणि पळा.

पळा म्हणायला मला वर्षानुवर्षं लाज वाटत होती. आपल्या भाषेत पळण्याला चांगला शब्द नाही. पळपुटा, पळकुटा, शेपूट घालणारा, पाठ दाखवणारा. युद्धकलेच्या वर्गात तर विचारूच नका. तिथे सगळं शौर्य समोरासमोर असतं. पण कृष्णाचंच एक नाव रणछोड आहे. कालयवनासमोरून तो पळाला आणि त्याचं नाव देवळातल्या मूर्तीला दिलं गेलं. आणि ‘जीव मुठीत धरून पळणं’ हा आपला वाक्प्रचार आहे, तो नीट ऐकला तर त्यात घाबरटपणा नाही. मुठीत काय धरलंय ते बघा. आता आमच्या वर्गात दर वेळी शेवटची वीस मिनिटं नुसती पळण्याची असतात. बसलेल्या जागेवरून, पडलेल्या अवस्थेतून, कुणीतरी बाही धरलेली असताना. मोजायचं एकच: दारापर्यंत किती लवकर पोचलात.

तरी एक प्रश्न असा आला की त्याच्यापुढे माझा सगळा सराव हात टेकून उभा राहिला. एक बाई होत्या, पन्नाशीच्या आसपासच्या. वर्ग संपल्यावर चपला घालताना खाली बघत म्हणाल्या, “ताई, आणि पळायचं कुठे, हेच माहीत नसेल तर? घरच ते असेल तर?”

आमच्या सगळ्या कवायतींमध्ये हल्लेखोर अनोळखी होता. अंधारा रस्ता, रिकामं वाहनतळ, कोपऱ्यावरचा माणूस. संयुक्त राष्ट्रांच्या आकडेवारीप्रमाणे 2023 मध्ये जगभरात सुमारे 85,000 स्त्रिया आणि मुली हेतुपुरस्सर मारल्या गेल्या. त्यातल्या सुमारे 51,100 जणींना मारणारा हात जोडीदाराचा किंवा कुटुंबातल्याच कुणाचा होता. शंभरातल्या साठ. हा आकडा वाचल्यावर मी माझ्या वर्गाचा नकाशा डोळ्यांसमोर आणला आणि त्यात स्वयंपाकघर कुठेच नव्हतं. घरात चाकू लपवून आणावा लागत नाही. तो ओट्यावर असतोच. 2005 मध्ये ब्रिटनमधल्या तीन डॉक्टरांनी एका वैद्यकीय नियतकालिकात मागणी केली होती की स्वयंपाकघरातल्या लांब, टोकदार सुऱ्यांची विक्रीच थांबवावी, कारण टोक बोथट असलं तर जखम जिवावरची होण्याची शक्यता खूप घटते. त्या वेळी अनेकांना ती अतिरेकी वाटली. नाइटचे प्रयोग वाचले असतील त्याला वाटणार नाही.

त्या बाईंना मी डाव शिकवला नाही. आम्ही बसून बोललो. भांडण पेटतंय असं दिसलं की स्वयंपाकघरात जायचं नाही, न्हाणीघरातही नाही. जिथून बाहेर पडायला दार आहे अशा खोलीत राहायचं. कागदपत्रं, थोडे पैसे, जादा किल्ली घराबाहेर विश्वासाच्या माणसाकडे ठेवायची. एक ठरलेला शब्द, जो फोनवर उच्चारला की पलीकडच्याने पोलिसांना कळवायचं. आणि अशा प्रसंगी मदत करणाऱ्या माणसांचा पत्ता, कारण हे काम माझ्या एकटीच्या आवाक्यातलं नाही. त्या पुढे दोनदा आल्या आणि मग यायच्या थांबल्या. मी त्यांना फोन केला नाही. तो फोन कुणाच्या हातात असेल, हे मला माहीत नव्हतं. हे लिहिताना अजूनही ते बोचतं आहे.

त्यांच्यामुळे आणखी एक बदल झाला. वास्तववादी सरावाच्या नावाखाली काही जागी जे चालतं ते मी पाहिलं आहे: रक्ताचे व्हिडिओ दाखवणं, नवख्या माणसाला अचानक मागून धरणं, रडू आलं तर त्यालाच कमकुवतपणा म्हणणं. मला ते मान्य नाही. वर्गात कुणाच्या अंगावर कसली खूण आधीपासून आहे, हे आपल्याला माहीत नसतं. त्यामुळे आता प्रत्येक फेरीआधी विचारतो, कधीही हात वर करून बाहेर बसता येतं, आणि कारण सांगावं लागत नाही. घाबरवणं सोपं आहे. घाबरलेल्या माणसाला श्वास परत मिळेपर्यंत त्याच्या शेजारी बसून राहणं हे शिकवण्याच्या बरोबरीचं काम आहे, हे मला उशिरा कळलं.

रक्ताचंही तसंच. इतकी वर्षं आमचा सराव चाकू मॅटवर पडला की संपायचा, जणू आपल्याला काही लागलेलंच नाही. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असतं; त्यातलं दोन लिटर गेलं तर जीव धोक्यात येतो, आणि मोठी धमनी तुटली असेल तर तेवढं जायला काही मिनिटं पुरतात. रुग्णवाहिका कितीही धावली तरी त्या मिनिटांत जवळ असतो तो शेजारी उभा असलेला माणूसच. अमेरिकेत 2012 च्या डिसेंबरमध्ये सँडी हुकच्या शाळेत गोळीबार झाला. त्यानंतर तिथले शल्यविशारद हार्टफर्डमध्ये एकत्र आले, आणि त्या चर्चेतून 2015 मध्ये ‘स्टॉप द ब्लीड’ ही मोहीम उभी राहिली. साध्या माणसांना तीन गोष्टी शिकवायच्या: जोरात दाबा, जखमेत कापड भरा, हातापायावर टूर्निकेट, म्हणजे रक्त थांबवणारा आवळपट्टा, बांधा.

आम्ही ते शिकलो आणि आता शिकवतो. टूर्निकेट जखमेच्या चार बोटं वर, सांध्यावर नाही. रक्त थांबेपर्यंत आवळायचं. ते दुखतं, माणूस ओरडतो, तरी सैल करायचं नाही, आणि बांधल्याची वेळ लिहून ठेवायची. काखेत, जांघेत, मानेच्या मुळाशी ते बांधता येत नाही. तिथे स्वच्छ कापड जखमेत खोलवर कोंबायचं आणि दोन्ही हातांनी, अंगाचा भार टाकून दाबत राहायचं. छाती आणि पोट यांत कापड कोंबायचं नाही. तिथे रुग्णालय हाच उपाय, जितक्या लवकर तितकं बरं. चाकू अंगात रुतलेला असेल तर उपसायचा नाही. पहिल्यांदा हा तास घेतला तेव्हा एक मुलगा म्हणाला, “ताई, हे तर फर्स्ट एड झालं, सेल्फ डिफेन्स कुठे आहे यात?” मी त्याला स्पंजच्या तुकड्यात कापड भरून तीन मिनिटं सलग दाबायला लावलं. दुसऱ्या मिनिटाला त्याचे दंड थरथरायला लागले. मग त्याने काही विचारलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात ती मुलगी परत आली. मध्ये परीक्षा होत्या, मग क्लास बदलला होता. आता ती सतरा वर्षांची. मी तिला पाहिलं आणि पोटात गोळा आला. दोन वर्षं मी तिच्यासाठी एक वाक्य जपून ठेवलं होतं. सगळ्यांसमोर म्हटलं, “तू मला एकदा एक प्रश्न विचारला होतास. मी त्याचं उत्तर चुकीचं दिलं होतं.”

ती गोंधळली. “कुठला प्रश्न, ताई?”

तिला आठवत नव्हता. मी आठवण करून दिली तरी आठवेना. “पण तो डाव येतो मला अजून,” ती उत्साहाने म्हणाली, आणि तिथेच शेजारच्या मुलाला हात पुढे करायला सांगून तिने तो करून दाखवला. डावा हात बाजूला, मनगट, पाय मागे, पिळा. एकही चूक नाही. तिची शंका पुसून गेली होती, आणि त्या शंकेवर मी जे थापलं होतं ते तिच्या हाडात बसलं होतं.

मी तिच्या हातात मार्कर दिला आणि जुना टी-शर्ट चढवला. “आता तू मला मार. आणि मी तो डाव करते.” तिने मारलं. मी मनगटाला हात घातला तेव्हा मनगट तिथे नव्हतं. तिने न थांबता पुन्हा मारलं, पुन्हा, पुन्हा, आणि पाचव्या खुणेला स्वतःच थबकली. माझ्या पोटाकडे बघत राहिली. बराच वेळ.

“मग आता काय करायचं?” तिने विचारलं.

मी मार्कर घेतला. तिच्या हातात तिची पाठपिशवी दिली, दार दाखवलं, ते उघडं ठेवलं. म्हटलं, “मी बोलत बोलत येईन. माझा हात कुठे आहे बघत राहा. तुला वाटलं की निघायचं. परवानगी मागायची नाही, खात्री करत बसायचं नाही.” पहिल्या वेळी ती थांबली आणि तिच्या बाहीवर दोन खुणा झाल्या. दुसऱ्या वेळी पिशवी मध्ये आली, एकच झाली. तिसऱ्या वेळी मी हात मांडीमागे नेला, “अगं, जरा ऐक ना” असं म्हणायला तोंड उघडलं, तर पिशवी माझ्या छातीवर येऊन आदळली होती आणि समोर कुणी नव्हतं. दार हलत होतं. जिन्यावरून तिच्या पावलांचा आवाज खाली खाली जात होता, एकेक पायरी गाळत.